चेनसॉच्या क्रँकची बेअरिंग आणि ऑइल सील घरी बसवता येतील का? केस उघडून बसलोय

सड्यावरची_बाग (दापोली)

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार. मशीन ५८ सीसीचं, चायनीज बनावटीचं, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं ना, त्यानंतर लगेच घेतलेलं. तेव्हा बागेत कलमं आडवी पडलेली, वाट बंद, मजूर मिळेना, जे मशीन मिळालं ते उचललं. त्या वर्षी त्याने दिवस दिवस काम केलंय, आमचीच नाही तर शेजारच्या चार बागांची झाडं त्यानेच तोडून बाजूला केली, त्यामुळे भंगारात द्यायला मन होत नाही. नवीन घ्या असा सल्ला कृपया नको.

झालं असं की गेल्या हंगामात मशीन आयडलला नीट राहीना. रेस सोडली तरी आवाज वरच, मग हळूहळू खाली यायचा. मी आपला कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसलो. पुढे फ्लायव्हील कॉइलला घासायला लागलं, गॅप सेट केला की चार दिवसांत परत घासणार. शेवटी क्लच काढला आणि क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतो तो शाफ्ट) टोक धरून वरखाली हलवून बघितलं तर हाताला खेळ लागतोय. परवा इंजिन बाहेर काढलं, सिलिंडर उतरवला, केसचे बोल्ट काढून रबरी हातोडीने हलकं ठोकत दोन्ही भाग सुटे केले. मॅग्नेटोकडचं, म्हणजे फ्लायव्हीलच्या बाजूचं बेअरिंग केसमध्येच राहिलंय, क्लचकडचं मात्र क्रँकवर घट्ट बसून बाहेर आलंय. फिरवलं की आत वाळू असल्यासारखी खरखर. बेअरिंगवर ६२०२ नंबर आहे, सीलवरचे आकडे पुसलेत.

आता मला विचारायचंय ते असं की प्रेस नसताना ही बेअरिंग घरी बसवता येतील का, आधी केसमध्ये बसवायची की आधी क्रँकवर, सीलची कुठली बाजू आत जाते, आणि बाजारात ६२०२ मागितलं तर चार प्रकारचं दाखवतात त्यातलं कुठलं घ्यायचं. वाईस आहे, साधा तीन पायांचा पुलर आहे, पान्यांचा सेट आहे. घाई नाही, पावसाळा आहे, पण काम नीट व्हायला हवंय.

दोन_स्ट्रोक_चिपळूण

दादा, केस उघडून फोटो टाकण्याआधी लोक अर्धं काम बिघडवून बसलेले असतात, तुम्ही रबरी हातोडी वापरलीत हे बरं केलंत. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं नाहीत ना? तसं केलं असेल तर गॅस्केट बसते त्या कडेवर बोट फिरवून बघा, चर पडलेली असेल तर ती आधी सपाट करावी लागेल, नाहीतर पुढचं सगळं वाया.

एक विचारतो, पावसाळ्यात टाकीत मिक्स पेट्रोल तसंच ठेवून देता का? आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे जूनपासून चार महिने हवेत पाणीच पाणी. टू स्ट्रोकमध्ये तेच पेट्रोल, तेच तेल केसमध्ये फिरतं, तिथेच बेअरिंग. आत जे राहतं त्याने गोळ्यांवर आणि रेसवर (बेअरिंगच्या रिंगमधली गोळ्या फिरायची चर) बारीक गंजाचे ठिपके पडतात. पहिल्यांदा कळत नाही. मग ठिपक्यांचे खड्डे होतात, क्रँक डगमगायला लागतो, सीलची ओठासारखी कड असते ती शाफ्टला धरून राहू शकत नाही, तिथून हवा आत येते आणि मिश्रण कोरडं होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. रेस सोडल्यावर आवाज खाली येत नव्हता तो त्याच हवेने. तेव्हा स्क्रू पिळून उपयोग नव्हता. तरी आता पिस्टन एकदा बघा, सायलेन्सरकडच्या बाजूला उभ्या रेघा आहेत का. असतील तर नुसती बेअरिंग बदलून भागणार नाही.

आणि पिस्टनचा रॉड धरून सरळ वर ओढा, खाली दाबा. आडवा थोडा हलला तर चालतो, तो हलायलाच हवा. उभा मात्र अजिबात हलता कामा नये. तिथे टकटक लागली तर क्रँकच बदला, कारण या बेअरिंगची धूळ सगळी त्या रॉडच्या सुयांच्या बेअरिंगमध्ये गेलेली असते.

बेअरिंग घेताना ६२०२ सी३ मागा, म्हणजे १५ बाय ३५ बाय ११, आणि सी३ म्हणजे गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी मोकळीक दिलेली. केसमध्ये घट्ट बसल्यावर आणि इंजिन तापल्यावर ती मोकळीक खपते, साधं घेतलं तर गरम झाल्यावर आवळतं. उघडं घ्या, दोन्हीकडून गोळ्या दिसल्या पाहिजेत. आतली जाळी लोखंडी हवी, प्लास्टिकची नको. एसकेएफ, एफएजी, एनबीसी कुठलंही चांगलं, फक्त ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन घ्या, डुप्लिकेट डबे फार फिरतात.

ऊस_आणि_इंजिन (पन्हाळा)

मी पाण्याच्या मोटरीची बेअरिंग घरीच बदलतो, वर पाईप ठेवायचा, हातोडीने ठोकायचं, बसतं. आणि उघडं कशाला, दोन्हीकडून रबर असलेलं टू आरएस घाला म्हणजे आत कचरा जाणार नाही, ग्रीस पण भरलेलं येतं. माझ्या मोटरीला तीन वर्षं काही झालेलं नाही.

बेळगावकर_टर्नर

पन्हाळकर, मोटरीला तुमचं बरोबर आहे, तिथे बेअरिंगला तेल देणारं दुसरं कोणी नाही. इथे तसं नाही हो. टू स्ट्रोकला वेगळं ऑइल पंप नाही, पेट्रोलात मिसळलेलं तेल धुक्यासारखं केसमध्ये उडतं आणि त्यावरच बेअरिंग जगतं. रबराचं झाकण असेल तर ते तेल आत पोचत नाही आणि जे ग्रीस आहे ते पेट्रोल धुऊन काढतं. थोड्या तासांत कोरडं पडतं. म्हणून दोन स्ट्रोक दादांनी उघडं सांगितलं ते अगदी बरोबर.

हातोडीचं मात्र मी हात जोडून सांगतो, नको. मी लेथवर आणि प्रेसवर रोज हेच काम करतो. या मशीनचा क्रँक एकसंध नसतो, दोन चकत्या आणि मध्ये पिन, प्रेसने एकमेकांत घुसवलेलं असतं. शाफ्टच्या टोकावर एक चांगला घाव बसला की चकत्या एकमेकींपासून किंचित सरकतात, डोळ्याला दिसत नाही, पण मिनिटाला दहा हजार फेऱ्यांना तो वाकडेपणा नवीन बेअरिंगला महिन्याभरात खाऊन टाकतो. शिवाय घाव बाहेरच्या रिंगवर आणि घट्टपणा आतल्या रिंगवर असेल तर मारलेला प्रत्येक ठोका गोळ्यांमधून जातो आणि रेसवर खड्डे उमटतात. नवीन बेअरिंग बसवतानाच जुनं करून ठेवायचं काम ते.

यात गरमी आणि थंडी वापरायची. हिशोब सांगतो म्हणजे पटेल. ॲल्युमिनियमचं ३५ मिमीचं भोक १०० डिग्रीने तापवलं तर साधारण ०.०८ मिमीने मोठं होतं. बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवलं तर ते आणखी ०.०२ ने आखडतं. म्हणजे ०.१ मिमी जागा मिळाली, आणि केसमध्ये बेअरिंग घट्ट असतं ते दोन-चार शतांश मिमीनेच. त्यामुळे नीट तापवलेल्या केसमध्ये बेअरिंग ढकलावंही लागत नाही, ठेवलं की टप्पकन तळाला जाऊन बसतं. तो आवाज ऐकला की समजायचं झालं काम.

आधी केसमध्ये बसवा, मग क्रँक त्यात ओढून घ्या. जुनं काढायलाही तीच युक्ती, केस तापवा आणि लाकडावर उपडी आपटा, मॅग्नेटोकडचं पडेल. क्रँकवरचं पुलरने काढा, पण पुलरचे पाय चकत्यांवर अडकवू नका, बेअरिंगच्या मागे पातळ फट असते तिथे बेअरिंग स्प्लिटर (फटीत दोन्हीकडून शिरून बेअरिंग धरणारं साधन) लागतो. नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडे न्या, पाच मिनिटांचं काम आहे, तेवढ्यासाठी क्रँक वाकडा करून घेऊ नका. ते बेअरिंग टाकायचंच आहे त्यामुळे काढताना बिघडलं तर बिघडू दे.

सड्यावरची_बाग (दापोली)

सगळ्यांचे मनापासून आभार. रॉड उभा अजिबात हलत नाही, पिस्टनला दोन बारीक रेघा आहेत पण नखाला लागत नाहीत. आणि हो, पेट्रोलचं तुमचं खरं आहे दादा, गेले दोन पावसाळे टाकी तशीच ठेवली होती. जुनं बेअरिंग उन्हात धरून बघितलं, रेसवर तपकिरी ठिपक्यांची ओळच आहे.

क्रँकवरचं बेअरिंग लेथवाल्याकडून काढून आणलं. सी३ दापोलीत मिळालं नाही, चिपळूणहून मागवलं. आता केस तापवायची कशावर? घरात ओव्हन आहे पण त्यात घातली तर घरचे मला बाहेर झोपवतील आणि ते रास्तच आहे. कोविडमधली ताप मोजायची गन आहे, ती चालेल का तापमान बघायला?

दोन_स्ट्रोक_चिपळूण

ती कपाळाची गन ४२-४३ डिग्रीच्या पुढे दाखवत नाही, तिचा उपयोग नाही. वर्कशॉपमधली इन्फ्रारेड गन मिळाली तर घ्या, पण चकचकीत धातूवर तीही खोटं दाखवते, केसवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरायची. काहीच नसेल तर पाण्याचा थेंब टाका. पसरून हळूहळू सुकला तर कमी आहे, टाकल्याबरोबर चर्र करून उडाला तर पुरेसं आहे. १२० ते १४० च्या मध्ये ठेवा, जास्त नको.

इलेक्ट्रिक शेगडीवर जाड लोखंडी तवा ठेवा, त्यावर केस बेअरिंगच्या बाजूने, वरून जुनं पातेलं उपडं घाला म्हणजे उष्णता सगळीकडे लागते. पंधरा-वीस मिनिटं लागतील, दर पाच मिनिटांनी बघत राहा. आधी केस डिझेलने, मग साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवा, आत पेट्रोलचा वासही राहता कामा नये, हे फार महत्त्वाचं आहे. जुनी सील तापवायच्या आधी काढून टाका. काढताना सीलच्या पत्र्याला बारीक भोक पाडून त्यात छोटा स्क्रू फिरवायचा आणि पक्कडीने ओढायचं, केसच्या भिंतीला ओरखडा नको. किती खोल बसलेली होती ते आधी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. ब्लो लॅम्पची ज्योत थेट मारू नका, एकाच जागी तापून केस पिळवटते, आणि काही मशीनच्या केस मॅग्नेशियमच्या असतात, त्याचा भुसा पेट घेतो.

बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवताना थोडं टू टी ऑइल (पेट्रोलात मिसळायचं टू स्ट्रोकचं तेल) लावून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत उघडं बाहेर काढलं की लगेच घाम येतो आणि नवीन बेअरिंगवर पहिल्याच दिवशी गंजाला सुरुवात.

बेळगावकर_टर्नर

एक जोडतो. बेअरिंग बसल्यावर केस थंड होईपर्यंत त्याच्या बाहेरच्या रिंगवर हलका दाब ठेवा, कधीकधी आखडताना किंचित वर उचलतं.

मग क्रँक. केसला आता थंड होऊ द्या, आणि फक्त आतली रिंग गरम करायची. १५ मिमीच्या भोकात सैल जाईल असा पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा गोल तुकडा शेगडीवर तापवून दोन-तीन मिनिटं आतल्या रिंगमध्ये उभा ठेवा. बेअरिंगचं स्टील ११०-१२० च्या वर नेऊ नका, नरम पडतं. क्रँक फ्रीझरमध्ये ठेवलेला असेलच. तुकडा काढला की क्रँक सरळ, एका दमात आत. मधेच अडकला तर ठोकू नका, बाहेरून शाफ्टवर पाईपचा तुकडा आतल्या रिंगला टेकेल असा घाला आणि टोकाच्या आट्यांवर नट लावून ओढून घ्या. क्लचच्या बाजूचे आटे उलटे असतात, त्यासाठी नटऐवजी क्लचचाच मधला भाग वापरता येतो.

दुसरी बाजू लावताना नवी गॅस्केट, थोडं ऑइल, आणि बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने. एम-५ बोल्टला ७-८ न्यूटन मीटर पुष्कळ झालं, आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत. घट्ट केल्यावर क्रँक बोटांनी फिरला पाहिजे. जड लागला तर घाबरू नका, बहुतेक वेळा तो एका बाजूला ओढला गेलेला असतो आणि दोन्ही बेअरिंगवर आडवा दाब असतो. नायलॉनच्या हातोडीने दोन्ही टोकांवर एकेक हलकी टिचकी मारा, तो आपोआप मध्यावर येतो आणि एकदम मोकळा होतो. ठोकायला मी परवानगी देतो ती इतकीच.

सड्यावरची_बाग (दापोली)

केलं! दोन्ही बेअरिंग टप्पकन बसली, खरंच आवाज आला, मी आणि मुलगा दोघंही बघत होतो. क्रँक एका बाजूला सहज गेला, दुसऱ्या बाजूला अर्ध्यावर अडकला, नटाने ओढून घेतला. टिचकीनंतर एका बोटाने फिरतोय.

सील पण लावली, स्प्रिंगची बाजू आतमध्ये ठेवली, जुन्या सॉकेटने सरळ दाबली. पण मशीन सुरू करायच्या आधी हवा बघावी असं कुठेतरी वाचलं होतं, तर ती कशी बघायची? प्रेशर टेस्टरची किंमत बघून मागे फिरलोय.

दोन_स्ट्रोक_चिपळूण

घरात बीपी मोजायचं गोल घड्याळवालं जुनं मशीन आहे का? त्याचा पंप आणि मीटर वापरा. ३०० चा आकडा म्हणजे ०.४ बार, साधारण ६ पीएसआय, टेस्टला ०.५ बार घेतात त्याच्या जवळच. एक जुना प्लग घ्या, आतली चिनी माती फोडून काढा, त्यात नळी बसवून एपॉक्सीने बंद करा. सिलिंडर चढवा, कार्बोरेटर आणि सायलेन्सरच्या जागी सायकलच्या ट्यूबचं रबर आणि वर पत्र्याची पट्टी बोल्टने आवळा, कार्बोरेटरला जाणारं पल्सचं छोटं भोकही बंद करायला विसरू नका. पिस्टन खाली ठेवा म्हणजे हवा केसमध्ये जाते. ३०० पर्यंत भरा आणि साबणाचं पाणी ब्रशने सीलवर, गॅस्केटवर, सिलिंडरच्या बुडाला लावा.

पण दादा, तेवढ्यावर थांबू नका. स्प्रिंगची बाजू आत असल्यामुळे आतून दाब दिला की सीलची कड शाफ्टवर आणखी दाबली जाते, म्हणजे खराब सीलही पास होते. इंजिन चालताना अर्धा वेळ आत ओढ असते, दाब नसतो. म्हणून व्हॅक्यूम बघायलाच हवं. गाड्यांच्या गॅरेजमध्ये ब्रेकची हवा काढायला हातपंप असतो, तो तासाभरासाठी आणा. मीटरवर १५ इंच म्हणजे ०.५ बार ओढ. वीस सेकंद काटा जवळपास तिथेच राहिला पाहिजे. ओढ असताना क्रँक हळू अर्धा फेरा फिरवूनही बघा.

सड्यावरची_बाग (दापोली)

अगदी तुम्ही म्हणालात तसंच झालं. दाबाला पास, एकही बुडबुडा नाही. व्हॅक्यूमला मात्र १५ वरून पाच सेकंदांत ४ वर. शोधायला म्हणून दोन्ही सीलवर ऑइलचा एकेक थेंब टाकला तर मॅग्नेटोच्या बाजूचा थेंब आत ओढला गेला.

ती सील काढली तर कडेला एका जागी बारीक चीर. शाफ्टवर फ्लायव्हीलच्या चावीची खाच आहे, तिची धार ब्लेडसारखी आहे आणि मी सील तशीच तिच्यावरून सरकवली होती. मी चूक केली, दुसऱ्या कोणी करू नये म्हणून लिहितोय.

नवीन लावायच्या आधी अजून काही?

बेळगावकर_टर्नर

खाचेवर आणि आट्यांवर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक एक वेढा गुंडाळा, त्यावर ऑइल, सीलच्या कडेला आतून ऑइल, मग सरकवा आणि प्लास्टिक ओढून काढा. कोरडी सील कधीच लावू नका, पहिल्या मिनिटातच कड जळते. व्हायटॉन रबराची मिळाली तर घ्या, उष्णता आणि ई-२० दोन्हीला नेहमीच्या नायट्राइल रबरापेक्षा चांगली टिकते. साइझ काढलेल्या सीलच्या पाठीवर आता वाचता येईल, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असे तीन आकडे.

शाफ्टवर जुन्या सीलच्या जागी चर पडलाय का, नख फिरवून बघा. असेल तर नवीन सील अर्धा मिमी बाहेर बसवा म्हणजे कड ताज्या जागेवर टेकेल. बेअरिंगला मात्र चिकटू देऊ नका, तेलाची वाट बंद होते.

सड्यावरची_बाग (दापोली)

चर होता, हलका. अर्धा मिमी बाहेर ठेवली. आता १५ वरून वीस सेकंदांत १४, क्रँक फिरवतानाही तेवढंच. कॉइलचा गॅप व्हिजिटिंग कार्ड ठेवून केला. एक लिटरला ४० मिली तेल, मोजून, ताजं पेट्रोल. सातव्या ओढीला सुरू झालं आणि रेस सोडली की लगेच खाली येतंय, दोन वर्षांत पहिल्यांदा असं झालं. मशीन डावीकडे कलंडवलं, उजवीकडे कलंडवलं, आयडल बदलत नाही.

दोन_स्ट्रोक_चिपळूण

वा दादा, छान काम केलंत. पहिल्या दोन टाक्या एच स्क्रू (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू) थोडा उघडाच ठेवा, पूर्ण रेसला आवाज भरभर फाटल्यासारखा येऊ दे आणि लाकडात घातल्यावर साफ होऊ दे, सतत फुल रेसला धरून ठेवू नका. पहिली टाकी संपली आणि इंजिन थंड झालं की सिलिंडरचे चार बोल्ट परत एकदा बघा, नवीन गॅस्केट दबते, ते थोडे सैल लागतील. आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, मशीन आपणहून बंद पडेपर्यंत चालवून, प्लगच्या भोकातून चमचाभर टू टी ऑइल घालून दोरी चार वेळा सावकाश ओढून मगच कपाटात ठेवा.